बेघरांचा आसरा : गाडगेबाबा

आपल्या विद्यापीठाच्या नावात संत गाडगेबाबांचे नाव आहे. गुणपत्रिकेवर ते आपण दरवर्षी वाचतो. परंतु ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी आपण घेणार, त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. माझ्या आईवडिलांनाही येत नाही. म्हणूनच की काय, हे नाव मला परके वाटत नाही.

परंतु हा लेख लिहिण्यामागचे खरे कारण घरगुती आहे. सहा वर्षांपूर्वी वडिलांना उपचारासाठी यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या शहरात न्यावे लागले. वडील खाटेवर, आणि आई व मी बाहेर. तीन रात्री आम्ही रुग्णालयाच्या आवारात पथारी टाकून काढल्या. चौथ्या रात्री पाऊस आला म्हणून लॉजवर गेलो. खोलीचे भाडे चारशे रुपये होते आणि आईची त्या वेळची मजुरी दिवसाला दोनशे. पाचव्या दिवशी कुणीतरी एका धर्मशाळेचा पत्ता दिला. तेथे रोजचे चाळीस रुपये घेत. वडील बरे होईपर्यंत अठरा रात्री आम्ही तेथे राहिलो. धर्मशाळा या शब्दाचा अर्थ मला त्या दिवसांत कळला, आणि ज्यांनी हयातभर धर्मशाळा बांधल्या त्या माणसाविषयी कुतूहल वाटू लागले.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडिलांना दारूने नेले. लहानग्या डेबूला घेऊन आई सखुबाई मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, वावरात राबराब राबला. पण मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. कर्ज घर कसे खाते हे डेबूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुढे ते कीर्तनात कर्ज, दारू आणि लग्न-दिवसांवरचा खर्च यांवर तुटून पडत, त्याचे मूळ मला येथे दिसते. आमच्या कापसाच्या जिल्ह्याला ते वेगळे समजावून सांगायला नको.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर किंवा हातात फुटके गाडगे आणि जोडीला झाडू. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरत. तेथे त्यांनी लोकांच्या मदतीने घाट बांधला. देवळापेक्षा देवळाकडे येणाऱ्या माणसाची सोय त्यांना मोठी वाटे.

पंढरपूरला तर वेगळेच दुःख होते. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला विठ्ठलाच्या गावात निवारा मिळत नसे. माऊलीच्या दारी येऊन तो उघड्यावर झोपे. बाबांनी १९१७ च्या सुमारास तेथे चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. पुढे नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. ती वाचताना मला आमच्या तीन रात्री आठवल्या.

हे सर्व एका कफल्लक माणसाने कसे केले? स्वतःवर खर्च नाही, पूजा-पाद्य नाही, घरच्यांना त्यातला वाटा नाही. कीर्तनाने लोक जमत, कुणी पैसा देई, कुणी अंगमेहनत. बांधून झाले की कारभार विश्वस्तांच्या हाती सोपवून बाबा पुढच्या गावाला. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५२ साली गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. बांधलेल्या वास्तूत जीव न गुंतवणे ही मला त्यांची सर्वांत मोठी शक्ती वाटते.

आता एक प्रश्न. बेघरांसाठी दिलेला पैसा कोठे अधिक कामी येतो? २०१६ पासूनच्या घरकुल योजनेत सपाट भागातील एका घराला १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरले. त्या घरात एक कुटुंब राहील. धर्मशाळेच्या एका खोलीत, आमच्यासारखे अठरा दिवस राहणारे धरले, तर वर्षाला वीस कुटुंबे राहतील. मग धर्मशाळाच स्वस्त, असे मी प्रथम वहीत लिहिले होते. नंतर ते खोडले. कारण रात्री मोजल्या तर घरकुलाच्याही वर्षाला ३६५ आणि खोलीच्याही ३६५च.

फरक आहे तो वेळेचा. अठरा रात्री लॉजवर काढल्या असत्या तर ७,२०० रुपये गेले असते. धर्मशाळेत ७२० लागले. वाचलेले ६,४८० रुपये म्हणजे आईची बत्तीस दिवसांची मजुरी. ते नसते तर कर्ज काढावे लागले असते, किंवा वडिलांना अर्ध्या उपचारावर गावी आणावे लागले असते. नेमक्या अडचणीच्या वेळी मिळालेले छप्पर छपरापेक्षा जास्त काही वाचवते. मात्र ज्याला परतायला घरच नाही, त्याला धर्मशाळा किती दिवस पुरणार? पुलाखाली संसार मांडणाऱ्याला स्वतःचे दार हवे, आणि ते देणे केवळ दानशूरांवर सोडता येणार नाही. बाबांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत बेघरांच्या आसऱ्याबरोबर गरीब मुलांचे शिक्षण आणि बेकारांना रोजगारही आहे. एकट्या छपराने भागत नाही, हे त्या यादीतच आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, बाबांनी देह ठेवला. हजारोंना छप्पर देणाऱ्याचा शेवटचा श्वास रस्त्यावर गेला.

आमच्या महाविद्यालयात बाबांची जयंती होते. आपण प्रतिमेला हार घालतो, हाती झाडू घेऊन आवार झाडतो, ते योग्यच आहे. पण यंदा हाराचे पैसे वाचवून, जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णांसोबत आलेली आणि उघड्यावर झोपणारी माणसे किती आहेत, हे आपण एका रात्री जाऊन मोजले तर? आकडा हाती आला तर पुढचे बोलता येईल. आईला मी हा बेत सांगितला. तिने मला एकच विचारले, की जाताना सोबत दोन चादरी नेणार की नुसतीच वही.

— एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष