वसंतराव नाईक आणि जिल्हा परिषदेचा वाद

दिग्रसच्या पंचायत समितीत कामासाठी येणाऱ्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला आपले प्रकरण पुढे यवतमाळला जिल्हा परिषदेकडे जाणार की जिल्हाधिकाऱ्यांकडे, हा प्रश्न नित्य पडतो. शाळा व दवाखाना एका कचेरीचे. जिल्हा योजनेच्या निधीची सूत्रे दुसऱ्या कचेरीकडे. ही दुहेरी व्यवस्था ज्यांच्या कारकिर्दीत आकाराला आली ते वसंतराव फुलसिंग नाईक याच परिसरातले. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली हे त्यांचे गाव, आजोबा चतुरसिंग नाईक यांनी वसवलेले.

1 जुलै 1913 रोजी बंजारा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तांड्यावरच्या मुलाने नागपूरच्या मॉरिस कॉलेजात जाणे आणि पुढे वकील होणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काही काळ काढून त्यांनी पुसदला वकिली मांडली. 1941 साली वत्सलाबाई घाटे यांच्याशी झालेल्या त्यांच्या आंतरजातीय विवाहाने दोन्ही समाजांत खळबळ उडाली. तीही यथावकाश शमली. 1946 मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नळ, दिवे आणि गटारे यांच्या हिशेबातून त्यांचे राजकारण सुरू झाले, हे त्यांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. 1952 मध्ये ते पुसदहून तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. द्विभाषिक मुंबई राज्यात सहकार आणि कृषी ही खाती त्यांनी सांभाळली, आणि 1960 मध्ये महाराष्ट्र स्थापन होताच महसूलमंत्रिपद त्यांच्याकडे आले.

नव्या राज्यात स्थानिक कारभाराच्या तीन पद्धती एकत्र नांदत होत्या. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डे व शाळा मंडळे, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानची परंपरा, तर विदर्भात 1948 पासून तालुकानिहाय जनपद सभा. दिग्रस त्या वेळी दारव्हा तालुक्यात मोडत असे. जनपद सभेत तालुक्याची माणसे निवडून जात, परंतु अंमलबजावणीची किल्ली महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडेच राही. या तिन्हींचा एकच घाट घालण्यासाठी यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने 1960 मध्ये लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद वसंतरावांकडे दिले.

वाद मोठा होता. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये गट पातळीवरील पंचायत समितीला प्रधान स्थान दिले होते. जिल्हा परिषद केवळ सल्लागार, तिचा अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि खासदार-आमदार तिचे सदस्य, असा तो आराखडा. राजस्थानाने 1959 मध्ये पंचायत राज्य आणले तेव्हा देशापुढे हाच नमुना होता. मार्च 1961 मध्ये सादर झालेल्या नाईक समितीच्या अहवालाने तो जवळजवळ उलटा केला. खरी सत्ता जिल्हा परिषदेला द्यावी, कारण अभियंते, डॉक्टर व शेतकी तज्ज्ञ यांचा ताफा पोसण्याइतके मनुष्यबळ व पैसा गटाला झेपणार नाही. जिल्हाधिकारी परिषदेबाहेर राहावा. आमदार-खासदारांना सदस्यत्व नसावे. आणि प्रशासनासाठी भारतीय प्रशासन सेवेच्या दर्जाचा मुख्य कार्यकारी अधिकारी असावा, जो निवडून आलेल्या सभेच्या निर्णयांचा अंमल करील. स्वतः महसूलमंत्री असलेल्या माणसाने आपल्याच खात्याच्या जिल्ह्यातील प्रमुखाला दाराबाहेर ठेवावे, ही गोष्ट त्या काळच्या राजकारणात तर विरळाच म्हणावी लागेल. समोर जिल्हाधिकारी अध्यक्ष म्हणून बसला असता तुपटाकळीसारख्या गावचा सभासद तोंड उघडण्यास धजला असता काय, हा प्रश्न पुसदच्या नगराध्यक्षाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. 1961 मध्ये कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून मुंबई वगळता 25 जिल्ह्यांत परिषदा उभ्या राहिल्या.

5 डिसेंबर 1963 रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत त्या पदावर राहिले. संकरित बियाणे, कृषी विद्यापीठे, तोंडातली पाइप आणि शेतकऱ्याशी त्याच्याच भाषेतले बोलणे, या साऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने एक गोष्ट दुर्लक्षित राहते. 1972 च्या दुष्काळात लाखो मजुरांना कामे द्यावी लागली. रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पसरली, पण तिच्या संयोजनाची सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे गेली. जिल्हा परिषद ही काम करणाऱ्या अनेक यंत्रणांपैकी एक ठरली. त्यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस, 1974 च्या सुमारास, जिल्हा नियोजन मंडळे आली व त्यांच्या अध्यक्षस्थानी मंत्री बसला. 1961 मध्ये पुढच्या दाराने बाहेर काढलेले दोघेही, म्हणजे अधिकारी आणि आमदार-मंत्री, मागच्या दाराने आत आले.

संकटात त्वरा हवी असते आणि जिल्हाधिकाऱ्याकडे ती होती, हे समर्थन खोटे नाही. उपासमार दारात असताना सभेच्या ठरावाची वाट कोणी पाहत नाही. परंतु दुष्काळ सरल्यावरही तो अधिकार परत आला नाही, हा या चरित्रातील खरा दोष होय. त्याच्या मुळाशी पैसा आहे. परिषदेला स्वतःचे असे उत्पन्न जमिनीच्या महसुलावरील उपकरापलीकडे फारसे मिळाले नाही. जिरायती शेतीच्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो उपकर तुटपुंजाच राहणार. सरकारी अनुदान येते ते बहुतांशी शिक्षकांच्या पगारासारख्या ठरलेल्या खर्चासाठी. त्यात सभासदांनी ठरविण्याजोगे उरते किती?

वसंतराव 1977 मध्ये वाशीमहून लोकसभेवर गेले आणि 18 ऑगस्ट 1979 रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. 1992 च्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला घटनेचे अधिष्ठान दिले, मुदतीत निवडणूक घेण्याचे बंधन घातले. तरीही मार्च 2022 मध्ये यवतमाळसह राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली तेव्हा आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या, आणि वर्षांमागून वर्षे सभागृहे रिकामी राहिली. या काळात सभेचे सारे अधिकार एका प्रशासकाच्या हाती होते. तो प्रशासक म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, सभेचे निर्णय अमलात आणण्यासाठी नाईक समितीने निर्माण केलेले तेच पद.