पुरून ठेवलेला पत्ता

पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात दुपारचा प्रयोग संपला की सेट उतरतो आणि त्याच रंगमंचावर रात्रीच्या नाटकाचा सेट लागतो. दुपारची खुर्ची रात्री शोधायला गेलात, तर तिच्या जागी भलतंच काहीतरी असेल. तुमच्या सी प्लस प्लसच्या प्रोग्रॅममधली तात्पुरती व्हेरिएबल्सही अशीच. त्यांचं काम संपलं की स्टॅकवरची त्यांची जागा कंपायलर दुसऱ्याला देऊ शकतो.

हा स्टॅक ज्यांना अगदी सुरुवातीला सुचला, त्यांतल्या एकाचं नाव तुम्हाला पाठ आहे: ॲलन ट्युरिंग. जन्म लंडनचा, २३ जून १९१२. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी, त्यामुळे आईवडील बराच काळ भारतात आणि हा इंग्लंडमध्ये परक्या घरी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे एनिग्मा संदेश फोडण्यात त्याचा मोठा वाटा होता.

१९४५च्या अखेरीस त्याने एसीई या संगणकाचा आराखडा लिहिला. मेमरी म्हणजे पाऱ्याच्या नळ्या. लांब नळीत १,०२४ बिट, तर तात्पुरत्या आकड्यांसाठी छोट्या नळ्या. जागेची अशी टंचाई! उपप्रोग्रॅम संपल्यावर परत कुठे यायचं, हा प्रश्न होताच. ट्युरिंगने तोडगा काढला: जाताना परतीचा पत्ता पुरायचा, येताना उकरायचा. शेवटी पुरलेला आधी निघणार. झाला की स्टॅक!

आज जीसीसी कंपायलरमध्ये स्टॅक-रीयूज नावाचा पर्याय असतो. मुळात तो ‘ऑल’वर असतो, म्हणजे जागेचा पुनर्वापर सगळीकडे. ‘नेम्ड व्हार्स’ दिलंत तर फक्त नाव असलेल्या व्हेरिएबल्सपुरता, ‘नन’ दिलंत तर बंद. ‘नन’ देताच बिघडलेला प्रोग्रॅम सुरळीत चालला, तर हुरळू नका. तुमचा एखादा पॉइंटर संपलेल्या व्हेरिएबलकडे बोट दाखवत असण्याची दाट शक्यता आहे. तो शोधा.

एसीईचं काम रेंगाळलं. कंटाळून ट्युरिंग १९४८ साली मँचेस्टरला गेला. एसीईची छोटी आवृत्ती १९५० साली चालली, त्याच्याशिवाय. १९५२ साली समलैंगिक संबंधांबद्दल त्याला दोषी ठरवलं गेलं. तुरुंग टाळायला हार्मोनचे उपचार घ्यावे लागले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ४१.

ब्रिटनच्या राणीची माफी आली २०१३ साली. ती घ्यायला तो कुठे होता? तुम्ही मात्र एखादं फंक्शन संपवून बरोबर पुढच्या ओळीवर परत येता, तेव्हा त्याची आठवण ठेवा.