उघड कबुलीचे मोल

नागपूरहून भिलाईस येताना डोंगरगड मागे पडले की राजनांदगाव लागते. पुढे दुर्ग, आणि मग भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. येथील मराठी कुटुंबांना हा प्रवास नित्याचा आहे. कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी, १८९३ साली, एक तरुण मराठी कवी नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाला होता. ते होते नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, ब्राह्मण कुळात झाला. संस्कृतचा व्यासंग, रसाळ वक्तृत्व आणि कवित्व यांमुळे नागपुरात त्यांना मान होता. गाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही. पण शब्द दिला म्हणून त्यांनी वाचन आरंभिले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथे खिळले.

खरी कसोटी येथून पुढे होती. मन वळले, तरी जगापुढे ते सांगावे कसे? टिळकांनी एका ख्रिस्ती नियतकालिकाशी नाव न देता पत्रव्यवहार चालविला. त्यांना भित्रे ठरविण्याची घाई आपण करू नये. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सुशिक्षित सभासदही जातिभेद मोडण्याची आपली मते बंद दारांआड जपत; नावे उघडी पडण्याच्या भयाने १८६० च्या सुमारास ती सभा विस्कटली. बहिष्काराचे भय खरेच होते.

टिळकांनी मात्र ते दार उघडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लौकिक गेला, आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू यांची ताटातूट झाली. पतीच्या कबुलीची किंमत पत्नीनेही, तिचा निर्णय नसताना, अश्रूंनी मोजली, हे आपण विसरता कामा नये. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या. १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हा सारा काळ, पतीचे गुणदोष न झाकता, निर्भीडपणे सांगितला.

टिळकांचा प्रामाणिकपणा बाप्तिस्म्यापाशी थांबला नाही. मिशनच्या वेतनामुळे लोकांना आपला संदेश परका वाटतो, असे जाणवल्यावर १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. तेथे बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, व्यासपीठावर एक आणि अंतःकरणात दुसरे, असे आपले होत नाही ना? वक्ता, लेखक, शिक्षक, पाळक, प्रत्येकाने हे स्वतःस विचारावे. पुढच्या खेपेस गाडी राजनांदगावी थांबेल, तेव्हा निनावी पत्रापासून उघड कबुलीपर्यंतची ती दोन वर्षे क्षणभर आठवावीत.