भोवऱ्याचे कोडे सोडविणाऱ्या सोफियाबाई

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी एका थोर गणिती बाईंची हकिगत सांगण्याचे धाडस मी करीत आहे.

सोफिया कोवालेव्स्काया यांचा जन्म १८५० साली मॉस्कोत झाला. रशियात तेव्हा मुलींना विद्यापीठे बंद होती. परदेशी शिकायला जाता यावे म्हणून त्यांनी १८६८ साली नावापुरते लग्न केले. बर्लिन विद्यापीठानेही दार उघडले नाही, तेव्हा वायरस्ट्रास या गणितज्ञांनी त्यांना चार वर्षे खाजगी शिकविले. १८७४ साली डॉक्टरेट मिळाली. नोकरी मात्र मिळेना. १८८३ साली पतीने आत्महत्या केली. पदरी लहान मुलगी. अखेर स्टॉकहोमला शिकविण्याचे काम मिळाले.

मुलांचा भोवरा आपण नेहमी पाहतो. घर्षण सोडले तर डुलतानाही त्याची एकूण ऊर्जा बदलत नाही, आणि उभ्या रेषेभोवतीचा कोनीय संवेगही बदलत नाही. पण त्याची पुढची चाल गणिताने पुरती सांगायची, तर न बदलणारी आणखी एक राशी हवी. ऑयलर आणि लाग्रांज यांना ती एकेका प्रकारात सापडली. पुढे शंभर वर्षे सारे अडले. ज्याचा भार एका अंगाला आहे अशा तिसऱ्या प्रकारात ती सोफियाबाईंनी शोधली.

१८८८ साली पॅरिसच्या अकादमीत हा निबंध गेला. लेखकाचे नाव बंद पाकिटात असे. परीक्षकांनी नाव न पाहताच बक्षीस ३००० फ्रँकांचे ५००० केले! पुढल्या वर्षी त्या कायमच्या प्राध्यापक झाल्या आणि १८९१ साली, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी वारल्या.

नाव झाकलेले होते, म्हणून पारख कामाचीच झाली. आपल्या लेकींची पारख नाव उघडे असतानाही तशीच व्हावी, एवढेच माझे मागणे.