ज्यांनी प्रभूच्या येण्याचे साल ठरवले



उपासना वर्षाचे शेवटचे रविवार आले की मिस्सामध्ये जगाच्या अंताची वाचने ऐकायला मिळतात. याच दिवसांत आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. यंदा निघण्यापूर्वी एक भाऊ मला भेटायला आले. मोबाईलवर कुणीतरी त्यांना जगाच्या अंताची तारीख पाठवली होती. शेवट इतका जवळ आला असेल तर मुलीला बोर्डिंगात ठेवून शिकवायचे कशाला, तिलाही सोबतच न्यावे का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्याशी बोलताना मला जोसेफ वुल्फ यांची आठवण झाली.

जोसेफ वुल्फ यांचा जन्म १७९५ साली जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात एका यहुदी धर्मगुरूच्या घरी झाला. १८१२ साली प्राग शहरात त्यांनी कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. संत फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे आदर्श होते. मिशनरी होण्यासाठी ते १८१६ साली रोमला गेले. परंतु अध्यापकांशी उघड वाद घातल्यामुळे १८१८ साली त्यांना रोम सोडावे लागले. पुढे ते इंग्लंडला गेले व अँग्लिकन झाले.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनची युद्धे लोकांनी नुकतीच पाहिली होती. हीच अंताची चिन्हे असावीत असे अनेकांना वाटे. १८२६ साली इंग्लंडमधील ऑल्बरी येथे काही अभ्यासक भविष्यवाणीचा विचार करण्यासाठी जमले. त्यांत एडवर्ड अर्विंग हे गाजलेले प्रवचनकार होते आणि वुल्फही होते. दानियेलच्या आठव्या अध्यायात २३०० संध्याकाळ-सकाळ असा उल्लेख आहे. वुल्फ यांनी एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरले, इसवी सनापूर्वी ४५३ पासून मोजणी केली आणि प्रभूच्या येण्याचे साल काढले : १८४७.

हा संदेश घेऊन ते यहुदी लोकांच्या हरवलेल्या दहा वंशांच्या शोधात निघाले. इराण, बुखारा, अफगाणिस्तान असा त्यांचा प्रवास झाला. वाटेत लुटारूंनी त्यांच्या अंगावरचे कपडेदेखील काढून घेतले. लाहोरला ते महाराजा रणजितसिंहांना भेटले. कोलकात्याहून दक्षिणेकडे उतरताना ते निजामाच्या राज्यातील सिकंदराबादला आले. आपला बीड जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. पुढे मद्रासच्या वाटेवर पटकीने ते मरणाच्या दारात पोचले, पण वाचले. १८३३ साली गोवा आणि मुंबई करून ते परत गेले.

त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम मिलर यांनीही तोच २३०० चा आकडा घेतला. मात्र त्यांनी मोजणी ४५७ पासून केली आणि त्यांचे साल १८४३ आले. मागाहून ती तारीख २२ ऑक्टोबर १८४४ अशी ठरली. वचन एकच, पण सुरुवातीचे साल बदलले की शेवट बदलतो! एवढ्यावरूनच या गणिताचा पाया किती कच्चा आहे ते दिसते.

ख्रिस्तसभा हे वचन वेगळ्या रीतीने वाचते. अँटिओकस राजाने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि मक्काबी बंधूंनी ते पुन्हा शुद्ध केले, त्या छळाच्या काळाबद्दल दानियेल बोलतो. प्रकटीकरणातील हजार वर्षांबद्दल संत ऑगस्टीन यांचेही मत आधी निराळे होते. पुढे मात्र त्यांनी शिकवले की, तो आपला, ख्रिस्तसभेचाच काळ आहे. शेवटच्या न्यायापूर्वी ख्रिस्त पृथ्वीवर दृश्य स्वरूपात येऊन राज्य करील, ही शिकवण सुरक्षित नाही, असे रोमने १९४४ साली स्पष्ट केले. प्रभू पुन्हा येणार हा आपला विश्वास आहे आणि प्रत्येक मिस्सामध्ये आपण तो जाहीर करतो. तो केव्हा येणार हे पित्याने स्वतःकडे ठेवले आहे.

वुल्फ थापाड्या नव्हते. १८४३ साली, बुखाराच्या अमीराने कैद केलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांचा शोध घ्यायला ते जिवावर उदार होऊन पुन्हा तिकडे गेले. त्या दोघांना आदल्या वर्षीच ठार मारले होते. वुल्फ स्वतः कसेबसे सुटले. १८४५ पासून ते आईल ब्रुअर्स नावाच्या लहान इंग्लिश खेड्यात धर्मगुरू होते. १८४७ साल उजाडले आणि मावळले. प्रभूच्या येण्याचे साल ठरवण्यात आपली चूक झाली, हे त्यांनी पुढे प्रामाणिकपणे मान्य केले. ते कडू झाले नाहीत आणि त्यांनी नवी तारीखही शोधली नाही. उतारवयात त्यांनी त्या खेड्यातील जुने देऊळ नव्याने बांधून घेतले. ते १८६१ साली पूर्ण झाले आणि २ मे १८६२ रोजी वुल्फ प्रभूघरी गेले.

माणूस दगडी देऊळ बांधतो ते नातवंडा-पतवंडांसाठी. ज्या हातांनी जगाचे शेवटचे साल लिहिले, त्याच हातांनी पुढच्या पिढ्यांची सोय केली. प्रभू येईल तेव्हा आपण नेमून दिलेल्या कामावर सापडावे, ही जागृतीची खरी रीत आहे.

त्या भावांना मी एवढेच सांगितले. ते कारखान्याकडे गेले. मुलगी बोर्डिंगात आहे आणि तिची सहामाही परीक्षा नुकतीच झाली. आपल्या प्रार्थनेत ऊसतोडीला गेलेल्या सर्व कुटुंबांची आठवण ठेवा.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू