योहानेस ड्रायेर

योहानेस ड्रायेर हा नेदरलँडचा नामांकित सायकलपटू. जन्म १९६३ चा. १९८९ साली त्याने फ्रान्सची महाकठीण 'तूर द फ्रान्स' शर्यत पुरी केली. २७ फेब्रुवारी १९९० रोजी झोपेतच त्याचे हृदय थांबले. वय अवघे २६!

त्याने ई.पी.ओ. हे औषध घेतले होते, असे त्याच्या पत्नीने पुढे जाहीरपणे सांगितले. मृत्यू त्यामुळेच झाला, हे मात्र सिद्ध झाले नाही. या औषधाने रक्तातील तांबड्या पेशी वाढून दम टिकतो. पण रक्त फार दाट झाले की हृदय थकते.

व्यावसायिक कुस्तीतही औषधांपायी कित्येक मल्ल अकाली गेले. पालकांनो, पदकाच्या आधी मुलाच्या प्रकृतीची चौकशी करा.