जॉर्ज स्टब्स

जॉर्ज स्टब्स (२५ ऑगस्ट, १७२४:लिव्हरपूल, इंग्लंड – १० जुलै, १८०६:लंडन, इंग्लंड) हे इंग्लिश चित्रकार व शरीररचनेचे अभ्यासक होते. त्यांनी स्वतः विच्छेदन करून सिद्ध केलेला 'द ॲनाटॉमी ऑफ द हॉर्स' हा ग्रंथ घोड्याच्या शरीररचनेवरील महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक मानला जातो.

प्रारंभिक जीवन

स्टब्स यांचे वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. किशोरवयापर्यंत स्टब्स यांनी त्याच व्यवसायात काम केले. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. पुढे यॉर्क येथे त्यांनी शल्यचिकित्सक चार्ल्स ॲटकिन्सन यांच्याकडे मानवी शरीररचनेचा अभ्यास केला. जॉन बर्टन यांच्या १७५१ मध्ये प्रकाशित झालेल्या प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली आणि त्यासाठी ताम्रपटावरील कोरीवकाम आत्मसात केले.

हॉर्कस्टो येथील विच्छेदन

घोड्याच्या शरीररचनेचा पहिला मोठा सचित्र ग्रंथ बोलोन्याचे कार्लो रुइनी यांनी १५९८ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यानंतर दीर्घकाळ अनेक लेखक त्यातील चित्रांचीच नक्कल करीत राहिले. स्टब्स यांनी मात्र प्रत्यक्ष निरीक्षणाचा मार्ग स्वीकारला. १७५६ मध्ये त्यांनी लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या गावी एक घर भाड्याने घेतले आणि सुमारे दीड वर्ष तेथे घोड्यांचे विच्छेदन केले. या कामात त्यांच्या सहचारिणी मेरी स्पेन्सर यांनी त्यांना साहाय्य केले.

मानेतील नीला कापून रक्त काढून टाकल्यानंतर रक्तवाहिन्यांत वितळलेले द्रव्य भरले जाई, त्यामुळे त्यांचा आकार टिकून राही. नंतर लोखंडी दांडा व आकड्यांच्या साहाय्याने घोडा उभ्या स्थितीत टांगण्यात येई. कातडी काढल्यावर स्नायूंचा एकेक थर उतरवत अस्थींपर्यंत पोहोचायचे आणि प्रत्येक टप्प्याचे चित्र काढून वर्णन लिहायचे, अशी त्यांची पद्धत होती. दुर्गंधी व संसर्गाचा धोका असतानाही एका घोड्यावरील काम सुमारे ११ आठवडे चालल्याची नोंद आहे.

ग्रंथाचे प्रकाशन

ही चित्रे घेऊन स्टब्स लंडनला गेले, परंतु तेथील कोरीवकाम करणाऱ्यांनी हे काम स्वीकारले नाही. तेव्हा चित्रकार म्हणून उदरनिर्वाह करीत उरलेल्या वेळात त्यांनी सर्व ताम्रपट स्वतःच कोरले. त्यात अनेक वर्षे गेली आणि १७६६ मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला. त्यात १८ तक्ते असून घोडा बाजूने, समोरून व मागून दाखविला आहे. पहिले तीन तक्ते अस्थिसांगाड्याचे, तर उर्वरित १५ तक्ते स्नायू, अस्थिबंध, चेता व रक्तवाहिन्यांचे आहेत. छाती व उदरातील इंद्रियांचे विवेचन मात्र त्यात नाही.

उपयोजित महत्त्व

त्या काळी इंग्लंडमध्ये पशुवैद्यकाचे महाविद्यालय नव्हते व घोड्यांवरील उपचार प्रामुख्याने नालबंद करीत. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात. तेथे त्वचेखाली लगेच कंडरा, अस्थिबंध, चेता व रक्तवाहिन्या असतात, म्हणून तेथील उथळ जखमही घोड्याला कायमचे लंगडे करू शकते. अशा ठिकाणी कोणत्या थराखाली काय आहे, हे उपचार करणाऱ्याला ठाऊक असणे आवश्यक ठरते. स्टब्स यांची थरांनुसार केलेली मांडणी नेमके हेच दाखविते.

स्टब्स यांनी ज्याचे चित्र काढले होते, तो 'एक्लिप्स' हा अजिंक्य शर्यतीचा घोडा १७८९ मध्ये मरण पावला. त्याचे विच्छेदन फ्रेंच पशुवैद्य शार्ल व्हियाल द सँबेल यांनी केले. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे ते पहिले प्राध्यापक झाले.

अन्य कार्य व मृत्यू

'व्हिसलजॅकेट' (सुमारे १७६२) हे स्टब्स यांचे भव्य अश्वचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांच्यासाठी त्यांनी भारतातून आणलेल्या नीलगायीचेही चित्र काढले. वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी मानव, वाघ व कोंबडी यांच्या शरीररचनेचा तुलनात्मक ग्रंथ हाती घेतला. तो पूर्ण होण्यापूर्वीच १८०६ मध्ये त्यांचे निधन झाले.